दुर्बिणीने लिव्हरची गाठ काढली की कॅन्सर पसरतो म्हणे

"लिव्हरमधली गाठ दुर्बिणीने काढू नका, भोकातून तुकडे करून ओढतात, कॅन्सर पोटभर पसरतो, लिव्हर कापलं की माणूस आयुष्यभर अधू, गुळवेलीचा काढा प्या, गाठ विरघळते." हा मेसेज परत सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय.

तुकड्यांचं आधी बघू. पोटावरची चार-पाच भोकं असतात ती कॅमेऱ्यासाठी आणि हत्यारांसाठी. गाठ सुटी झाली की पोटातच प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, तोंड आवळतात आणि मोठी असेल तर ओटीपोटावर, सिझेरियनचा छेद असतो साधारण तिथेच, आडवा छेद घेऊन अख्खी बाहेर काढतात. पॅथॉलॉजीवाल्याला गाठीच्या कडा तपासायच्या असतात हो, खिमा पाठवला तर तो काय बघणार?

पसरण्याचं म्हणाल तर नॉर्वेतल्या ऑस्लोमधे आतड्यातून लिव्हरमधे पसरलेल्या कॅन्सरच्या 280 पेशंटवर ट्रायल झाली, काहींचं पोट उघडून काहींचं दुर्बिणीने. कॉम्प्लिकेशन्स पोट उघडलेल्यांत 31 टक्के, दुर्बिणीवाल्यांत 19 टक्के आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. कॅन्सर नसलेल्या दुर्मिळ गाठींवर अशी ट्रायल करायला एवढे पेशंट एका जागी मिळतच नाहीत, पण भीती घातलीय ती कॅन्सरचीच ना. हां, गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली असेल तर सर्जन सरळ पोट उघडतो, कधी ऑपरेशन अर्ध्यावर असताना सुद्धा, आणि तेच बरोबर असतं.

अधू वगैरे काही नाही. निरोगी लिव्हरचा 30 टक्के भाग राहिला तरी सहसा भागतं, काही दिवसांतच ते परत वाढायला लागतं. सिरॉसिस असेल, म्हणजे लिव्हर आधीच खराब होऊन कडक पडलं असेल, तर मात्र हे गणित बदलतं.

आता काढा. अ‍ॅडिनोमा नावाची एक दुर्मिळ, साधी म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ असते, बऱ्याचदा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमधे. गोळ्या बंद केल्या की ती कधीकधी आपोआप लहान होते, म्हणून डॉक्टर सहा महिने थांबून परत एमआरआय करतात. त्याच सहा महिन्यांत बाई काढा पीत असली की झालं, क्रेडिट काढ्याला! पण 5 सेंटिमीटरच्या वर राहिली तर रक्तस्राव आणि कॅन्सर दोन्हीची रिस्क असते, ती काढायलाच सांगतात, आणि पुरुषाला असेल तर लहान असली तरी. उलट हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, दिसला तर बहुतेक वेळा कुणी हातही लावत नाही.

आणि गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मधे छापल्यात. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली ते खरंय, तरी काढा चालू असेल तर सर्जनला सांगा.