बस बघायला चाललोय, जेवून घ्या

पन्नाशी जवळ आली की माणसं काय काय करतात, कोणी गावाकडे दोन गुंठे घेतं, कोणी ट्रेकला जायला लागतं, कोणी गुडघे बदलून घेतं. आमच्या नवऱ्याने जाहीर केलं की आपण जुनी स्कूलबस घ्यायची, आतल्या सीटा काढून ओटा, पलंग, संडास, सोलर सगळं बसवायचं आणि तिच्यात राहत अमेरिका बघायची. इथे हे वेड बऱ्याच लोकांना आहे, अशा बसला स्कूली म्हणतात आणि लोक खरंच त्यात संसार करतात. आम्ही ओहायोत राहतो, कोलंबसच्या बाहेर. मुलगी हायस्कूलला आहे, ती म्हणाली मी रोज सकाळी त्याच बसमधून जाते, संध्याकाळी एकदाची सुटते आणि आता घर पण तेच?

मला वाटलेलं आपल्याला पडदे आणि ओट्याची फरशी निवडायची असेल. कसलं काय. नवऱ्याने एक्सेल शीट काढली, तिला उजवीकडे सरकवत सरकवत गेलं की आपण कुठून निघालो तेच आठवत नाही इतके कॉलम. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हवेचे की तेलाचे, मागच्या एक्सलचा रेशो, खिडक्या किती, छताची उंची. उंचीवर तर आठवडा गेला. जुन्या बऱ्याच बसना आतून 72 इंच उंची असते, म्हणजे बरोब्बर 6 फूट, आणि नवरा 5 फूट 11 इंच, त्यामुळे तो खूश, बसतोय की मी. मग त्याला कोणीतरी सांगितलं की बाबा रे, खाली इन्सुलेशन आणि प्लायवूड येणार, वर इन्सुलेशन आणि पॅनल येणार, त्यात तीन-चार इंच सहज जातात, म्हणजे उरलेलं आयुष्य तू मान वाकवून भाजी ढवळणार. लोक यावर उपाय म्हणून बसचं छत आडवं कापून वर उचलतात, मध्ये पत्रा जोडून वेल्डिंग करतात. ह्या माणसाला घरातला पडद्याचा रॉड सरळ लावता आलेला नाहीये. म्हणून ठरलं, 77-78 इंचवालीच बघायची, आणि त्या एका अटीवर शीटमधल्या निम्म्या बस गळाल्या.

अशात सासरे आले. अण्णा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, उभी हयात बसच्या पोटाखाली काढलेली. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने, पहिल्या महिन्यात त्यांचं मॉल बघून झालं, नायगरा बघून झाला आणि मग ते खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत कुठल्या गाडीचं बेअरिंग गेलंय ते मला सांगायला लागले. त्यांना जेव्हा कळलं की मुलगा बस घेतोय तेव्हा आधी पाच मिनिटं गप्प बसले. बस घेऊन राहणार? घर आहे ना तुम्हाला? मग म्हणाले, बरं, दाखव. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंघोळ करून, फुल शर्ट, खिशाला पेन, हातात माझ्या किचनच्या ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभे. मी आपली सगळ्यांना जेवून घ्या, जेवून घ्या करत होते कारण बस बघायला गेलं की परत कधी येणार याचा नेम नसायचा.

इथे शाळा साधारण 12 ते 15 वर्षं वापरून बस काढून टाकतात, मग त्या सरकारी लिलावात येतात नाहीतर डीलरकडे. लिलावात तीन-चार हजार डॉलरपासून बस मिळते, ऐकायला स्वस्त वाटतं, आत घर करायला त्याच्या कितीतरी पट लागतात ते नंतर कळतं. लिलावाच्या कागदावर लिहिलेलं असतं, जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. अण्णांनी नवऱ्याकडून ते वाचून घेतलं आणि एकदम मोकळे झाले. आमच्या भंगाराच्या लिलावात पण हेच असायचं, म्हणाले, म्हणजे इथेही माणसं तीच आहेत.

पहिला मोठा धक्का त्यांना मिठाने दिला. ओहायोत थंडीत रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात, ट्रकच्या ट्रक. अण्णांना वाटलं मी गंमत करतेय. मीठ? खायचं? आपल्याकडे चिमूटभर सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी उचलायला लागतं म्हणतात, ह्यांचं अख्खं राज्य काय करणार! पण पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा बदलला, आतला मेकॅनिक जागा झाला. म्हणाले, मग इथली एकही बस घ्यायची नाही.

नवऱ्याला ते पटेना, जवळच्या जवळ मिळत असताना लांब कशाला जायचं. म्हणून घराजवळची एक बघायला गेलो. वरून काय सुंदर बस, पिवळाधमक रंग, आत सीटा नीट, खडूचा आणि डिझेलचा आणि शिळ्या सफरचंदाचा मिळून एक वास, सीटखाली हात घातला की च्युइंगमचे खडे. विकणारा म्हणाला खाली थोडा सरफेस रस्ट आहे, म्हणजे वरवरचा गंज, एवढंच. हे सरफेस रस्ट प्रकरण लक्षात ठेवा, बस विकणारा कुठलाही माणूस दुसरा कुठला गंज असतो हे मान्यच करत नाही. अण्णांनी पुठ्ठा मागितला, तो चाकाजवळ अंथरला आणि फुल शर्टासकट बसखाली गेले. बाहेर नुसते दोन पाय आणि माझ्या मुलीचे जुने स्नीकर्स, कारण त्यांच्या चपला बर्फात चालत नाहीत. आतून टक, टक, टक असे आवाज आले, मग टक ऐवजी फस्स. नवरा वाकून बघतो तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत फ्लोअरमध्ये गेलेला, आणि अण्णांच्या छातीवर खारीच्या पापुद्र्यांसारखे गंजाचे थर पडलेले. अण्णा खालूनच ओरडले, अरे, वर बघ, टोक दिसतंय का? नवरा आत जाऊन चौथ्या सीटखाली वाकला. दिसत होतं.

स्कूलबसमध्ये पत्र्याच्या फ्लोअरवर प्लायवूड असतं, त्यावर रबराची मॅट. पोरं ओले बूट घेऊन चढतात, पाणी सीटच्या बोल्टच्या भोकांतून खाली झिरपतं आणि प्लायवूड ते धरून ठेवतं, म्हणजे वरून मीठ, खालून मीठ आणि मध्ये ओला लाकडी थर. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. विकणारा भला माणूस होता, तो पण वाकून बघत राहिला आणि म्हणाला हे मलाही माहीत नव्हतं. अण्णांनी त्याला तो भाग कापून नवीन पत्रा कसा टाकायचा ते मराठीत समजावून सांगितलं आणि त्याने मान डोलावली, दोघांना काय कळलं देव जाणे.

मग सुरू झाला नाकाचा वाद. बसचे ढोबळ प्रकार असे, एक पुढे बॉनेट असलेली, तिला इथे डॉग नोज म्हणतात, दुसरी सपाट तोंडाची, तिच्यात इंजिन पुढे ड्रायव्हरशेजारी असतं नाहीतर पार मागे. नवऱ्याला मागे इंजिनवाली हवी, चालवताना शांत, दिसायला भारी. मला सपाट तोंडाची पण इंजिन पुढे असलेली बरी वाटत होती, मागचं दार राहतं ना, सामान चढवायला सोपं. अण्णांनी मला एका वाक्यात गप्प केलं, अगं, लाल डब्यात बॉनेटवर बसून गेलीयेस ना कधी, मांड्या भाजायच्या, ते घरात आणायचंय का तुला? आणि मुलाला म्हणाले मागे इंजिन म्हणजे तुझ्या पलंगाखाली इंजिन, बिघडलं की गादी उचल. नाकवाली घे, बॉनेट उघडलं की उभ्याने काम होतं.

इंजिनाच्या बाबतीत मात्र बापलेकांचं पहिल्यांदा जमलं. नवऱ्याने वाचलेलं की 2007 नंतरच्या गाड्यांना धुराचे फिल्टर आले, 2010 नंतर वरून ते युरियाचं पाणी पण घालावं लागतं, म्हणजे धूर कमी हे चांगलंच आहे पण पंधरा वर्षं जुनी झाली की तीच यंत्रणा खिसा रिकामा करते. म्हणून त्याआधीची बघायची. त्याच्या यादीत सगळ्यात वर इंटरनॅशनल कंपनीचं डीटी-466 इंजिन. अण्णांनी विचारलं लायनरवालं आहे का? आहे, लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, बदलता येतात, इंजिन गाडीतून न उतरवता काम होतं. अण्णा म्हणाले मग बाकीची यादी फाडून टाक. गिअरबॉक्सचंही तसंच. बऱ्याच जुन्या बसमध्ये एलिसनचा एटी-545 नावाचा ऑटोमॅटिक असतो, त्यात लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडून धरायची सोय, नाही, त्यामुळे चढावर मधला तेलावर चालणारा कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापत जातं. शाळेच्या गल्लीबोळात ठीक आहे, पण नवऱ्याला ती कोलोरॅडोच्या डोंगरात न्यायची होती. अण्णांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, खंबाटकीच्या घाटात पाणी मागेल ही. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक गिअरबॉक्स खंबाटकी पास की नापास एवढ्यावरच मोजला गेला, एक्सेलमध्ये तसा कॉलम पण आहे.

प्रत्येक ठिकाणी अण्णांचा कार्यक्रम ठरलेला. आधी इंजिनवर तळहात. एका डीलरकडे इंजिन कोमट लागलं तर लगेच, सर, व्हाय हॉट? तो म्हणाला सकाळी जरा हलवून ठेवली. अण्णा माझ्या कानात म्हणाले गिऱ्हाईक यायच्या आधी तापवलीये, थंड असताना सुरू होत नसणार. मग इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडून तिथेच उलटं ठेवायचं, ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनचा दाब गळून तिथून वर येतोय, इंजिन थकलंय, चला घरी. मग टायर. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 3109 असेल तर 2009 सालच्या 31व्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर माझ्या मुलीच्या वयाचं. सहा टायर लागतात, प्रत्येकाला काही शे डॉलर, ही गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

शेवटी जॉर्जियातली सापडली. 2001 ची, नाकवाली, डीटी-466, लॉकअपवाला गिअरबॉक्स, 77 इंच उंची, शाळेनंतर एका चर्चने घेतलेली आणि पांढरी रंगवलेली. ते बरंच झालं, कारण बऱ्याच राज्यांत शाळेची नसलेली बस त्या पिवळ्या रंगात ठेवता येत नाही. हा पिवळा 1939 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत भरलेल्या परिषदेत ठरला, तो इतका लांबून दिसतो की वरून दुसरा रंग मारला तरी कुठेतरी डोकावत राहतो. तर अण्णा खाली गेले आणि बराच वेळ आवाजच नाही. नवरा वाकला, म्हणाला अण्णा, लाल दिसतंय सगळं, गेली ना ही पण. अण्णा बाहेर आले, लालभडक झालेलं बोट पुढे केलं, ते शर्टाला पुसलं, परत एका आडव्या पट्टीवरून फिरवलं आणि खाली काळा, ठणठणीत पत्रा दाखवला. माती होती ती. जॉर्जियात माती लाल आहे. रत्नागिरी डेपोची गाडी वाटतेय, असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. शर्ट मात्र अजून निघालेला नाही, डाग तसाच आहे, माझा साबण वाया.

तरीही अण्णा लगेच हो म्हणेनात. गाडी घेताना मालकाला विचारू नये, ड्रायव्हरला विचारावं, हा त्यांचा नियम. चर्चची ड्रायव्हर म्हणजे सत्तरीची एक बाई, आधी शाळेची बस चालवायची. तिने न विचारता सगळं सांगितलं, उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीतून पावसात पाणी येतं, मागचा हीटर बंद आहे, थंडीत पहिली दहा मिनिटं धूर काढते मग गप्प बसते, 58 मैलांच्या वर पळत नाही. मुलगा तर्जुमा करत होता आणि अण्णा प्रत्येक दोषाला समाधानाने मान हलवत होते. एवढे दोष सांगते म्हणजे बाई खोटं बोलत नाही, घे.

कागदपत्रांचं काय सांगू, इन्शुरन्सवाले बस म्हटलं की फोन ठेवायचे, घर म्हटलं की गॅस आणि पलंगाचे फोटो मागायचे, आत तर अजून सीटा. सीटा असताना कुठलं लायसन्स लागतं यावर पण दर माणसाचं वेगळं मत. म्हणून आणायला त्याच बाईंना पैसे देऊन बोलावलं, त्यांच्याकडे कमर्शियल लायसन्स होतं. आम्ही कारने मागे मागे आणि अण्णा बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर, टेनेसीतून आय-75 हायवे जेलिकोचा डोंगर चढतो तिथे ट्रक आम्हाला ओलांडून जात होते आणि समोर अण्णांचा हात खिडकीतून बाहेर येऊन आम्हाला ठीक आहे, ठीक आहे असा इशारा करत होता.

आमच्या सोसायटीत, म्हणजे एचओएमध्ये, ट्रेलरसुद्धा दारात ठेवू देत नाहीत, त्यामुळे बस एका मित्राच्या शेतावर उभी आहे. शनिवारी-रविवारी ग्राइंडर घेऊन सीटचे गंजलेले बोल्ट कापणं चालू आहे, बोल्ट कसले, एकेकाला अर्धा अर्धा तास. अण्णा देखरेखीला असतात. सगळ्या सीटा काढायला त्यांची हरकत नाही, फक्त ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट काढायची नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय आणि कारण काही देत नाहीत. नवऱ्याच्या प्लॅनमध्ये तिथे सिंक होतं. मी अण्णांच्या बाजूने मत दिलं, मुलीने पण दिलं, सिंक दोन फूट मागे सरकलंय.