'निनावी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : पाकीट, खाच आणि केबिन

मागच्या आठवड्यात मी मसाल्याच्या पाकिटावर लिहिलं होतं. पाकीट टेम्पोत, दुकानात आणि फडताळात घट्ट बंद राहावं, पण घरी हाताने सहज उघडावं, यासाठी काय काय करावं लागतं, असा तो लेख. पाकिटाच्या कडेला फाडायची सुरुवात करायला जी बारीक खाच असते, तिच्यामुळे पाकीट सरळ फाटतं, असंही त्यात मी लिहिलं होतं. त्यावर 'निनावी' अशी एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

"खाचेमुळे पाकीट सरळ फाटतं हे धादांत खोटं आहे. माझी आई ७६ वर्षांची, रोज मसाल्याच्या पाकिटाला दात लावते. तुम्ही कंपनीवाले केबिनमध्ये बसून लिहिता, तुमच्यापैकी कुणी कधी आपल्या हाताने पाकीट फोडलंय का? यापेक्षा वाण्याची दोऱ्याने बांधलेली पुडी शंभरपट बरी होती. शिवाय एकदा फोडलेलं पाकीट परत बंद होत नाही आणि भंगारवालाही ते घेत नाही. यावर लेखात एक अक्षर नाही."

एक गोष्ट लगेच मान्य करतो. 'सरळ फाटतं' असं मी लिहायला नको होतं. 'सरळ फाटायला मदत होते' असं हवं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण शब्द चुकणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. खोट्याला हेतू लागतो. माझा हेतू काय होता, हे तुम्ही मला न विचारताच ठरवून टाकलंत, तेही 'धादांत' लावून. ३० वर्षं ज्या कामात घालवली त्याबद्दल असं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

आता केबिन. हे वाक्य मी दुपारी वाचलं आणि रात्री पुन्हा वाचलं.

१९९४ साली भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी भरणीच्या मशीनवर मदतनीस म्हणून लागलो. तिथे केबिन नव्हतीच. हे मशीन वरून फिल्मचा, म्हणजे पाकिटाच्या पातळ प्लॅस्टिकचा, रोल ओढतं, तिची नळी करतं, मागची उभी शिवण तापवून जोडतं, आत मसाला पडतो आणि मग दोन तापलेले जॉ, म्हणजे जबड्यासारखे मिटणारे दांडे, मिटून आडवं सील मारतात. माझ्या उजव्या मनगटावर त्या जॉचा डाग आहे, दोन बोटं रुंद. लीक टेस्टसाठी पाण्याच्या टाकीत पाकिटं बुडवून हवा ओढायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे काम मी चार वर्षं केलं. सील किती धरतं ते पाहायला १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून मशीनवर ओढतात. कारखान्यात ते मशीन येईपर्यंत आम्ही ती पट्टी हातानेच ओढायचो. तेव्हा 'कुणी कधी आपल्या हाताने' हा प्रश्न मला विचारण्याआधी थोडी चौकशी करायला हवी होती.

तुमच्या आईंना दात का लावावे लागतात, याचं एक कारण त्या जॉपाशीच आहे. मिरचीची, हळदीची पूड पिठासारखी बारीक असते. फिल्म घासली जाऊन तिच्यावर स्थिर वीज साठते आणि उडालेली पूड आतल्या बाजूला चिकटते, नेमकी जिथे सील व्हायचं असतं तिथे. कण मध्ये आले की सील कच्चं राहतं. मग ऑपरेटर तापमान चढवतो, दाब वाढवतो. गळकं पाकीट बाहेर गेलं तर त्याला जाब विचारतात, जास्त घट्ट गेलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून सील सोडवून उघडायचा मार्ग बंद होतो आणि उरतं फाडणं.

फाडायचं म्हटलं तर वरचा थर पॉलिस्टरचा असतो. तो चिवट असतो, पण कडेला बारीकशी खाच मिळाली की पुढे सरकन फाटत जातो. आतला थर पॉलिथिनचा. तो फाटत नाही, ताणतो. दोन्ही थर एकमेकांना पक्के चिकटलेले असले तर वरचा आतल्याला बरोबर घेऊन फाटतो. चिकटवणी कच्ची असली तर वरचा फाटून हातात येतो आणि आतला रबरासारखा लांबत राहतो. म्हणजे खाच होती, काम तिने केलं, दगा चिकटवणीने दिला. हे सगळं मूळ लेखात होतं. पण बहुधा खाचेच्या वाक्यापर्यंत येऊन तुम्ही थांबलात.

आईचा उल्लेख केलात म्हणून मीही करतो. माझ्या आईला शेवटची ११ वर्षं संधिवात होता. बोटं वाकलेली, चिमटीत जोर नाही. ती पाकीट विळीवर धरून कापायची आणि ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा. प्रत्येक नवीन नमुना मी घरी आणून तिच्यासमोर ठेवायचो. खाच कुठल्या बाजूला हवी, बोटांत धरायला किती जागा सोडायची, कड नागमोडी कापली तर कुठूनही सुरुवात करता येते का, हे मी तिच्या हातांवरून शिकलो. एकदा एक नमुना तिने पहिल्या झटक्यात उघडला आणि म्हणाली, "छान आहे, पण हे मुंग्यांनाही उघडेल."

तिचं म्हणणं मी पुढे अनुभवलं. २००३ साली आम्ही वेफर्सच्या पाकिटाला सहज सुटणारं सील देऊन पाहिलं. दोन्ही बाजूंनी धरून ओढलं की अलगद उघडायचं, सगळे खूश. माल मुंबईहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेला. तिथे समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी. पाकिटातली हवा फुगते आणि सगळा ताण सीलवर येतो. निम्म्या खोक्यांतली पाकिटं तोंड उघडून परत आली. नुकसान आमच्या बिलातून कापलं गेलं आणि ती रचना माझी होती. सैल सील म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. तुमच्या प्रतिक्रियेत या बाजूचा विचार कुठेच दिसत नाही.

पुडीबद्दल तर मला राग नाही, वाईट वाटलं. माझ्या वडिलांचं कराडला किराणा दुकान होतं. आठव्या वर्षापासून मी पुड्या बांधल्या आहेत. दोऱ्याचे वेढे, वर गाठ, एका हिसक्यात सुटते, अगदी खरं. पण आषाढात त्याच पुडीतलं मीठ पाझरायचं, हळदीचे गोळे व्हायचे, जिऱ्याचा वास आठवड्यात जायचा आणि तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहायचं. शिवाय रद्दीच्या कागदाची शाई अन्नात उतरते. वर्तमानपत्रात अन्न बांधू नका अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०१६ साली काढावी लागली. दुसऱ्याच्या घरची पुडी आठवून हळवं होणं सोपं आहे. ती बांधणाऱ्याला विचारा.

आणि हे क्षेत्र म्हाताऱ्या माणसांचा विचारच करत नाही, असा तुमचा एकूण सूर आहे. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण पाहिलंय ना? कॅनडात विंडसर इथले बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो गोळ्या खाऊन विषबाधा झालेली मुलं बघून अस्वस्थ झाले होते. त्यांच्या पाठपुराव्यातून १९६७ च्या सुमाराला पीटर हेजविक यांनी तसं झाकण घडवलं. अमेरिकेने १९७० साली कायदा केला. तिथल्या चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांच्या हाती डबी देतात आणि हवं तर दातही लावा असं सांगतात. त्या मुलांना ती उघडता येऊ नये, पण मोठ्यांना मात्र आली पाहिजे. आधी मोठ्यांचा गट १८ ते ४५ वयाचा होता. १९९५ साली तो बदलून ५० ते ७० केला. कारण उघडायला त्रास होतो म्हणून घरची वडील माणसं झाकण नीट लावतच नाहीत आणि नातवंडांना धोका होतो. म्हणजे विचार झालेला आहे. मसाल्याच्या पाकिटाला आपल्याकडे अशी चाचणी लावत नाहीत हे खरं, पण तो माझा गुन्हा नव्हे.

राहिले दोन मुद्दे. फोडलेलं पाकीट परत बंद होत नाही, तर डब्यात ओतावं किंवा चिमटा लावावा. झिपवालं पाकीट महाग पडतं आणि दहा रुपयांच्या मसाल्याला ते परवडत नाही. भंगाराचं म्हणाल तर वेगवेगळे थर चिकटवलेली फिल्म सुटी करून वितळवता येत नाही हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते शिकवायची गरज नव्हती. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, मी मसाल्याचं पाकीट उघडण्यावर लिहीत होतो.

पुढच्या वेळी लिहाल तर नाव घालून लिहा, तेवढी अपेक्षा आहे. आणि ते पाकीट अजून टाकलं नसेल तर फाटलेल्या कडेचा आणि मागच्या बॅच नंबरचा फोटो पाठवा. आतला थर लांब ताणलेला दिसला तर चिकटवणी कच्ची आहे. कड स्वच्छ फाटून मध्येच तिरकी गेली असेल तर फिल्म ज्या दिशेने सरळ फाटते ती दिशा चुकली आहे. दोन्ही दोष रोल बनवणाऱ्याचे आणि दोन्ही सुधारता येतात. तोवर आईंना दात लावू देऊ नका. फडताळाच्या दाराला दोरीने एक लहान कात्री बांधून ठेवा, माझ्या आईसाठी मी तेच केलं होतं.