हॅलॉनचं उदाहरण हवं होतं

जगाच्या पर्यावरणाच्या प्रश्नांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यात शास्त्रज्ञ आणि संबंधित घटकांनी देशांच्या सीमा ओलांडून एकत्र यावं, एवढंच पुन्हापुन्हा म्हटलंय. एकत्र बसून करायचं काय, ते राहूनच गेलं. (आणि संबंधित घटकांसाठी लेखातला 'भागधारक' हा शब्द नको हो, शेअर बाजार आठवतो!)

ओझोनचंच घ्या. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर शास्त्रज्ञांच्या समितीशेजारी तंत्रज्ञान आणि अर्थकारण बघणारी वेगळी समिती बसवली गेली. तिथे आग विझवण्याच्या धंद्यातली माणसंही होती. संगणकांच्या खोल्यांत, विमानांत आग विझवायला हॅलॉन वायू वापरायचे. ओझोनला भयंकर घातक. हिशोब मांडल्यावर दिसलं की बराचसा हॅलॉन आगीवर खर्चच होत नव्हता. यंत्रणेची चाचणी, सराव, गळती यातच तो हवेत जात होता. ही गोष्ट उपग्रहावरून कशी दिसणार? ती सिलिंडर भरणाऱ्यालाच ठाऊक. मग चाचण्यांची पद्धत बदलली, जुना साठा गोळा करून पुन्हा वापरायची सोय झाली आणि विकसित देशांनी १९९४पासून नवं उत्पादन जवळपास बंद केलं. विमानांतल्या हॅलॉनला पर्याय शोधण्याचा प्रश्न मात्र बरीच वर्षं रेंगाळला.

दुसरं म्हणजे पैसा. विकसनशील देशांसाठी १९९०मध्ये स्वतंत्र निधी ठरला, तेव्हा कुठे अनेक देश करारात यायला तयार झाले. लेखात निधीबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या भागात त्यावर लिहिणार आहात का?