सोबतीचा अर्ज

मुलीला परदेशातून प्रवेशाची पत्रं यायला लागली त्या रात्री आम्ही तिघंही जागे होतो. ती आनंदानं, तिची आई काळजीनं आणि मी त्या दोघी झोपू देत नव्हत्या म्हणून. पहाटे दोनच्या सुमाराला बायको म्हणाली, "सतरा वर्षांची पोर. एकटी कशी राहील? तू जा सोबत."

"किती दिवस?"

"तिला सवय होईपर्यंत." जणू व्हिसाच्या फॉर्मात असा एक रकाना असतोच.

मला वाटलं होतं, जगभर इतकी मुलं शिकायला जातात, तर त्यांच्या आईबापांची काहीतरी सोय असेलच. सोय आहे. फक्त ती कुणासाठी आहे हे जसजसं वाचत गेलो तसतसा मी त्यातून गळत गेलो.

सुरुवात ब्रिटनपासून केली. तिथे 'पॅरेंट ऑफ अ चाइल्ड स्टुडंट' अशा सरळ नावाचा व्हिसाच आहे. नाव वाचूनच मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत पुढची ओळ वाचून झाली होती. मूल चार ते अकरा वर्षांचं, फी भरून खासगी शाळेत शिकणारं हवं. ते बारा वर्षांचं झालं की पालकाचा व्हिसा संपला. म्हणजे पोर ज्या वयात उलट उत्तरं द्यायला लागतं, नेमकं तेव्हाच ब्रिटिश सरकार बापाची सुटका करतं. राज्य कधी सोडावं याचा त्यांना अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियानं आशा लावली. तिथला 'स्टुडंट गार्डियन', म्हणजे सबक्लास 590, मूल अठराच्या आत असेल तर मिळू शकतो. पालकानं नोकरी करायची नाही. शिकायची हौस असेल तर तीन महिन्यांपर्यंतचा एखादा कोर्स, नाहीतर आठवड्याला वीस तासांपर्यंत इंग्रजीचे वर्ग. "ते वर्ग तेवढे लाव," बायको म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही. अडचण वेगळीच होती. टर्म सुरू झाल्यावर सात आठवड्यांनी मुलीला अठरा पूर्ण होणार होती आणि मूल सज्ञान झालं की गार्डियनचं तिथे काही काम उरत नाही. हे मुलीला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू फुटलं ते प्रवेशाच्या पत्रानंही फुटलं नव्हतं.

न्यूझीलंडचा पालकांचा व्हिसा शाळकरी मुलांसोबतचा, त्यामुळे आमच्या उपयोगाचा नव्हता. तरी मी तो शेवटपर्यंत वाचला, कारण त्यात मला माणूस दिसला. एका वेळी एकच पालक, त्यानं मुलासोबतच राहायचं. कामाची परवानगी मागायचीच असेल तर अर्धवेळ कामाची, तीही सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच. म्हणजे पोराला शाळेच्या फाटकात सोडल्यापासून ते पुन्हा फाटकाशी उभं राहीपर्यंत. हा नियम ज्यानं लिहिला त्याला मूल आहे आणि ते वेळेवर तयार होत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सिंगापूरनं माझा विषयच संपवला. तिथे शिकणाऱ्या मुलासोबत राहण्यासाठी दीर्घ मुदतीच्या पासचा अर्ज करता येतो, पण तो आईला किंवा आजीला. बापाला नाही. आजोबांनाही नाही. मी ते पान तीनदा खालीवर केलं, न जाणो बारीक अक्षरात कुठे बाप निसटला असेल. मग आईला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "पोरीची इयत्ता विचारली की तू बायकोच्या तोंडाकडे बघतोस." आणि जरा थांबून, "पासपोर्टला किती दिवस लागतात रे?"

अमेरिकेत विद्यार्थ्याला एफ-2 व्हिसावर जोडीदार आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं नेता येतात. आईबाप त्या यादीत नाहीत. म्हणजे पोरीला नवरा नेता येईल, बाप नाही. हे मी घरात मोठ्यानं वाचलं नाही. बापासाठी उरतो तो पर्यटकाचा बी-2, आणि त्याच्या वाटेवर 214(बी) नावाचं कलम उभं आहे. अर्जदार कायमचा राहायलाच आलाय असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. मुलीचं ठरत नव्हतं, तोवर हात बसावा म्हणून एका रात्री मी त्यांचा डीएस-160 हा फॉर्म उघडला.

पहिली काही पानं बरी गेली. मग प्रश्न आला, तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का? मी थबकलो. कूळ तर आहे, ते कुणाला नसतं? पण यांना कोणतं हवंय? 'हो' म्हणावं तर पुढे नाव विचारतील आणि आडनावाच्या पलीकडे मला काही सांगता येणार नाही. 'नाही' म्हणावं तर थोरल्या काकांना कळलं तर? मी बायकोला उठवलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "टोळी असं लिही. तुझे भाऊ आठव." मी परत येऊन बसलो, विचार केला, अखेर 'नाही'वर टिचकी मारली. तोवर वीस मिनिटं होऊन गेली होती. हा फॉर्म वीसेक मिनिटं स्वस्थ बसलेला माणूस सहन करत नाही. पडदा कोरा झाला आणि मी पुन्हा आडनावापासून सुरुवात केली.

युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांचा हिशेब, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस मुक्काम, मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा वेगळी उत्तरं आली. सोडून दिला.

शेवटी एक एजंट गाठला. त्यानं समजावलं की देश कुठलाही असो, पाहुणा म्हणून जाणाऱ्या बापाला दोन गोष्टी पटवाव्या लागतात. पोरीवर इतका जीव आहे की गेल्याशिवाय राहवत नाही, आणि तो इतकाही नाही की गेल्यावर तिथेच राहावंसं वाटेल. जीव नेमका या दोहोंच्या मध्ये आहे हे बँकेच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून दिसायला हवं. त्याखेरीज रजा मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र, घराची कागदपत्रं, आणि मागे कोण राहणार त्याचा तपशील.

"दोघं जाऊ नका," तो म्हणाला. "दोघं गेलात तर परत यायला कारण काय दाखवणार? एकानं मागे राहावं."

"म्हणजे मी तारण?" बायको म्हणाली. एजंटनं मान खाली घालून फाइलवर काहीतरी लिहिलं. मला वाटतं 'तारण' असंच लिहिलं असावं.

दरम्यान मुलीनं कॅनडा नक्की केलं, त्यातही ब्रिटिश कोलंबिया. ऑन्टारियोत माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, ब्रिटिश कोलंबियात एकोणिसाव्या. मुलीनं हे ऐकलं आणि सुन्न झाली. "म्हणजे इथे अठरा झाली तरी तिथे मी लहानच?" मी प्रथमच त्या देशाकडे प्रेमानं पाहिलं. पण ते प्रेमही एकतर्फी निघालं. विद्यार्थी अज्ञान असला तरी त्याच्या बापासाठी कॅनडात वेगळा व्हिसा नाही. त्यानं साधा पाहुणा म्हणून यायचं, बहुधा सहा महिन्यांपर्यंत. एजंटनं उत्साहानं सुपर व्हिसाचं नाव काढलं, एका खेपेला पाच वर्षं राहता येतं म्हणाला. मी रात्री वाचलं तर तो नागरिकांच्या किंवा कायम रहिवाशांच्या आईबापांसाठी. आमच्या पोरीला अजून हॉस्टेलची खोलीसुद्धा मिळाली नव्हती.

सतराच्या आतल्या मुलांना तिथला एक कस्टोडियन, म्हणजे मुलाची जबाबदारी घेणारा मोठा माणूस, लागतोच. सतरा पूर्ण झालेल्यांचं अधिकाऱ्यावर असतं, म्हणून आम्ही तोही उभा केला: बायकोच्या मावसबहिणीची नणंद. तिला आम्ही एका लग्नात, एकदाच, पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं होतं. तिनं आनंदानं सही केली, आम्ही नोटरीसमोर केली. आमच्या मुलीची काळजी कोण घेणार, याचा शिक्का मारलेला कागद निघाला आणि त्यात माझं काम सही करण्यापुरतं होतं.

मुलीचं परमिट आलं. माझा व्हिसा आला नाही. ती तिच्या तारखेला गेली. विमानतळावर तिची आई रडली, मी ट्रॉली ढकलत राहिलो, ट्रॉली रिकामी झाल्यावरही.

अर्जाला जोडायला नवीन निमंत्रणपत्र लागणार होतं, तेव्हा एजंट म्हणाला, आता मुलीकडूनच मागवा. मी संकोचत फोन केला. ती कपडे धुवायला मशिनशी उभी होती, मागे कुणीतरी हसत होतं. "पाठवते बाबा, रात्री," म्हणाली, आणि खरंच पाठवलं. पत्र व्यवस्थित होतं. अर्जदाराशी नातं: मुलगी. भेटीचं कारण: मला पाहणं. मुक्काम: तीन आठवडे. मी पुन्हा वाचलं. सहा महिन्यांपर्यंत चालतं हे मीच तिला सांगितलं होतं.

खाली एक वाक्य होतं. माझे वडील मुदत संपण्याआधी परत जातील, याची मला पूर्ण खात्री आहे. 'पूर्ण'खाली तिनं पेनानं रेघ मारली होती. नीट पाहिलं तर दोन.