२५२० चा 'शोध' आणि रामानुजन यांचं खरं काम

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात म्हटलंय की, एकाच संख्येला १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणं अशक्य, असं गणितज्ञ मानत होते. मग श्रीनिवास रामानुजन यांनी २५२० ही तशी एकमेव संख्या शोधली. आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३०, वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकारही २५२० येतो, हे तिचं गूढ.

अशक्य कसलं? १ ते १० ओळीने गुणत गेलात की ३६,२८,८०० येतात, त्याला दहाही संख्यांनी भाग जातोच. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या कल्पित नगरात ५०४० घरं धरली ती याच सोयीसाठी, आणि या संख्येला १ ते १० ने सलग भाग जातो हे त्याने लिहूनही ठेवलंय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्याही आधीची ही गोष्ट.

'एकमेव' हेही खोटं. २५२० हा १ ते १० चा लसावि आहे, म्हणजे अशी सर्वांत लहान संख्या. ५०४०, ७५६०, १००८०, तिची कुठलीही पट घ्या, भाग जातो.

७×३०×१२ हा गुणाकार बरोबर आहे. पण लसाविला लागतं काय, तर ८, ९, ५ आणि ७. ३० मधला २ आणि १२ मधले ४ मिळून ८ झाले, दोघांतल्या तिनांचे ९, ५ तीसमधून, ७ आठवड्यातून. गूढ संपलं. शिवाय ३०×१२ म्हणजे ३६०. वर्ष तेवढ्या दिवसांचं नसतं.

मला खरा राग येतो तो रामानुजन यांच्या नावावर सहावीतला लसावि खपवल्याचा. १९१५ साली त्यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रचंड मोठा निबंध लिहिला, तो अशा संख्यांवर, ज्यांचे विभाजक (म्हणजे नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या) त्यांच्याहून लहान कुठल्याही संख्येच्या विभाजकांपेक्षा जास्त असतात. २५२० त्यांतली एक: विभाजक ४८. तिच्या मूळ अवयवांत २ तीनदा, ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा येतात. घातांक ३, २, १, १ असे उतरते. या सगळ्याच संख्यांत ते कधी चढत नाहीत, आणि ४ व ३६ सोडल्यास शेवटचा घातांक १ च असतो, हे रामानुजन यांनी सिद्ध केलं. त्यांचा तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो. हिचे घातांक ६, ४, २, २ आणि पुढे २३ पर्यंतच्या मूळ संख्यांना एकेक, विभाजक १०,०८०. कॉम्प्युटर नसताना केलेल्या एवढ्या तक्त्यात एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की ती मिळते.