घरातल्या कॅमेऱ्याचा मालक नक्की कोण?

आमच्या नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात हल्ली जिकडे बघाल तिकडे कॅमेरे. पोरं पुण्याला नाहीतर परदेशात, आईवडील इथे दोघंच, त्यामुळे लावूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं भांडण वेगळंय. ज्यांच्या डोक्यावर तो कॅमेरा चोवीस तास रोखलेला असतो त्यांच्याच हातात त्याचं एकही बटण नसतं. ॲप मुलाच्या फोनवर, पासवर्ड कॅमेरेवाल्याच्या वहीत, आणि काका-काकूंना माहिती एवढीच की दिवा लुकलुकतोय म्हणजे चालू आहे.

शेजारच्या काकूंनी यावर उपाय काढलाय. कुणी मनातलं बोलायला आलं की सरळ कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकतात. मग पुण्याहून फोन, "आई, काळं का दिसतंय?" तर म्हणे "वाळत घातलाय रे." 😀 आता गंमत अशी की त्याच कॅमेऱ्यात प्रायव्हसी मोड, म्हणजे चित्रण थोडा वेळ थांबवायची सोय, आहे, पण तो ॲपमध्ये चार मेनू आत, तोही इंग्रजीत, आणि ते ॲप काकूंच्या फोनवर नाहीच.

यावर हमखास उत्तर येतं, लोकच निष्काळजी, पासवर्ड बदलत नाहीत. अहो, २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले ते फॅक्टरीतून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघत! काहींत तर तो पासवर्ड बदलायची धड सोयच नव्हती. मग दोष कुणाचा? ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून असे कॉमन पासवर्ड कायद्यानेच बंद केले, म्हणजे ग्राहकाला लेक्चर न देता बनवणाऱ्याला कामाला लावलं. मला हेच पटतं.

मागणं फार नाहीये. ॲप उघडल्या उघडल्या मराठीत दिसू दे की हा कॅमेरा कोणकोण बघू शकतं आणि शेवटचं कधी बघितलं, नावासमोर "काढून टाका" असं एक बटण. कॅमेऱ्यावर हाताने सरकवायचं झाकण. आणि बसवून देणाऱ्याचं लॉगिन काम झालं की आपोआप बंद, कारण "दादा, तुमचा नंबर काढा ना" हे त्याला तोंडावर म्हणायला आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो, तो चहा पिऊन गेलेला असतो.

मराठीचा हट्ट उगाच नाही हं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची नोटीस आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्या असं आहे, मराठी त्यात आलीच. पण नोटीस मराठीत देऊन सेटिंग इंग्रजीतच ठेवलं तर काकूंना काय फरक पडणार? आणि हा कायदा कंपन्यांना लागतो, घरगुती वापराला नाही. मुलगा आईला किती वेळ बघतो हे त्या दोघांनीच बोलून ठरवायचंय, पण बोलायला आधी आईला ते दिसायला तर हवं!

सिंहस्थात खोल्या भाड्याने द्यायच्या विचारात असलेल्यांनी तर आत्ताच बघून घ्या. पॅसेजमधला कॅमेरा खोलीच्या दाराच्या आत किती डोकावतो, त्याचं ॲप कुणाकुणाच्या फोनवर आहे, आणि पाहुण्याने विचारलं तर तुम्हाला ते दाखवता येतंय का.