आधी धाकट्यांची शाळा

आज, १६ जानेवारी २०२२ रोजी, डेन्मार्कमधील चित्रपटगृहे, नाट्यगृहे आणि संग्रहालये जवळजवळ महिनाभराने पुन्हा उघडली. आमच्या आरहूस शहरातल्या शाळा मात्र त्याआधी अकरा दिवस, म्हणजे ५ जानेवारीलाच भरू लागल्या होत्या. सुमारे ५८ लाख लोकवस्तीच्या या देशात तेव्हा रोजचे नवे रुग्ण वीस हजारांवर गेले होते आणि करोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट अजून चढतीच होती. तरीही चौथीतल्या माझ्या मुलीने सकाळी दप्तर पाठीवर घेतले. मुलांनी आठवड्यातून दोनदा चाचणी करावी, अशी शिफारस होती. तिने ती आदल्या संध्याकाळी घरीच केली होती.

त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारचा आदेश वाचला. १० जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद, दहावी-बारावीच्या कामापुरती तेवढी सवलत. उपाहारगृहे, नाट्यगृहे आणि मॉल मात्र निम्म्या क्षमतेने रात्री दहापर्यंत चालू. दोन्ही सरकारांपुढे साथ एकच होती आणि गर्दी कमी करण्याचा हेतूही एकच होता. इथे मोठ्यांची करमणूक बंद ठेवून मुलांची शाळा उघडली, तिकडे नेमके उलटे झाले. हा फरक मला गेले आठ दिवस स्वस्थ बसू देत नाही.

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा दोन शिक्षकांची, पट चौदा. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कने युरोपात सर्वांत आधी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा तिनेच मला फोन करून विचारले होते, "दादा, तुम्ही लेकरांवर प्रयोग करताय का?" तिचा प्रश्न गैर नव्हता. इथेही हजारो पालक, माझे मूल म्हणजे प्रयोगाचा ससा नव्हे अशा अर्थाच्या नावाने फेसबुकवर एकत्र आले होते. मुलीला पाठवायचे की नाही यावर आम्ही दोघे नवरा-बायको दोन रात्री बोलत होतो, आणि तिसऱ्या दिवशी पाठवले तेही धास्तावूनच.

१५ एप्रिल २०२० ला आधी पाळणाघरे, बालवर्ग आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले. सहावी ते दहावीची मुले १८ मेपर्यंत घरीच राहिली. धाकट्यांना आधी बोलावण्यामागचा विचार सरळ होता. या आजाराचा मोठा धोका लहान मुलांना कमी दिसत होता, लहान मूल पडद्यासमोर बसून शिकत नाही, आणि ते घरी असले की आईबापांपैकी एकाला कामावर जाता येत नाही. वर्गांचे छोटे गट पाडले, बाकांमध्ये दोन मीटर अंतर ठेवले, दर दोन तासांनी हात धुणे ठरवले, आणि होता होईल तेवढे शिकवणे मैदानात व झाडांखाली नेले. पालकांना फाटकाच्या आत प्रवेश नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत संसर्ग पुन्हा उसळला नाही, तेव्हा आमची धास्तीही कमी झाली. पुढे इथेही शाळा पुन्हा बंद झाल्या, हे सांगितलेच पाहिजे. २०२०च्या नाताळानंतर मुलीची शाळा महिनाभराहून अधिक काळ बंद होती, आणि मोठ्या वर्गांचे हाल त्याहून जास्त झाले. पण ८ फेब्रुवारी २०२१ ला दार उघडले, ते पुन्हा चौथीपर्यंतच्या मुलांसाठीच.

महाराष्ट्रात क्रम पहिल्यापासून वरून खाली राहिला. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी, आणि मग दुसरी लाट. जुलै २०२१ मध्ये महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांना मुभा मिळाली, तीसुद्धा आठवी ते बारावीपुरती. ऑगस्टमध्ये जाहीर झालेली तारीख राज्याच्या कोविड कृती दलाच्या सल्ल्यावरून मागे घेतली गेली, आणि ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. पहिली ते चौथीच्या मुलांची पाळी १ डिसेंबर २०२१ ला आली. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले माझ्या बहिणीच्या शाळेतले मूल दुसरीचे अर्धे वर्ष उलटल्यावर प्रथमच वर्गात बसले, आणि अवघ्या साडेपाच आठवड्यांत पुन्हा घरी गेले.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मी हलके लेखत नाही. डेन्मार्कमध्ये चाचण्या मुबलक आहेत, पाच वर्षांवरच्या मुलांना नोव्हेंबरअखेरपासून लस मिळते आहे, आणि आजी-आजोबा वेगळ्या घरात राहतात. आपल्याकडे मूल संध्याकाळी घरी आले की आजीच्या कुशीत शिरते. माझ्या बहिणीचे सासरे मे २०२१ मध्ये गेले. ऑक्सिजनची खाट मिळवण्यासाठी तिच्या नवऱ्याने एक रात्र आणि एक दिवस तीन गावे पालथी घातली होती. ज्या घराने हे पाहिले आहे, त्या घराला 'मुलांना धोका कमी असतो' असे दूरदेशातून ऐकवण्याचा मला अधिकार नाही. त्या काळात शाळा बंद ठेवल्या याबद्दल माझी तक्रारही नाही.

माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. ऑक्सिजन, चाचण्या आणि लस यांना पैसा आणि वेळ लागतो. आधी काय उघडायचे आणि शेवटी काय, हे ठरवायला ते लागत नाहीत. घरातल्या आजीला जपायचे असेल, तर रात्री उपाहारगृहात बसून घरी परतणारा मुलगाही तिला संसर्ग देऊ शकतो. त्याला निम्म्या क्षमतेची सवलत मिळते आणि नातवाला मिळत नाही, याचे वैद्यकीय कारण मला कुठे सापडलेले नाही.

दुसरे असे की, संपूर्ण राज्याला एकाच मापाने मोजले गेले. शाळा बंद करण्याचा आदेश निघाला तेव्हा राज्यातले रोजचे रुग्ण चाळीस हजारांवर होते, आणि त्यांतला मोठा वाटा मुंबई परिसराचा होता. बहिणीच्या वाडीत तेव्हा एकही रुग्ण नव्हता. तिच्या शाळेची पटसंख्या इथल्या बहुतेक एकेका वर्गाहून कमी आहे. डेन्मार्कमध्ये वर्गात अठ्ठावीसपर्यंत मुले असू शकतात. तिच्या शाळेला मोठे अंगण आहे, वड आहे, आणि जानेवारीत दिवसभर ऊन असते. आमच्याकडे याच महिन्यात तापमान शून्याच्या जवळ असूनही शिक्षक मुलांना बाहेर नेतात. इथल्या शाळांनी जी सोय खटपट करून उभी केली, ती त्या वाडीत आधीपासून आहे, आणि तिथे आज कुलूप आहे.

ऑनलाइन शिक्षणाने ही उणीव भरून निघते, असे ज्यांना वाटते त्यांची मुले बहुधा शहरांत आहेत. नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातील ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी वापरायला मिळत नव्हता. पाटणच्या डोंगरातले बाप कामासाठी मुंबईला असतात आणि फोन त्यांच्या खिशात असतो. टीव्हीवरच्या मालिका, स्वाध्याय, अभ्यासमाला हे सगळे प्रयत्न मनापासून झाले हे मला बहिणीमुळे ठाऊक आहे, कारण तिने सर्वेक्षणाच्या ड्यूट्या सांभाळून ते स्वतः राबवले. पण ज्या मुलाला अक्षरओळखच झालेली नाही, त्याला फोनवर आलेला स्वाध्याय वाचून दाखवायला कुणीतरी शेजारी बसावे लागते.

सध्या ती एका घराच्या ओसरीवर मुले जमवते. ओसरी अरुंद आहे, मुले एकमेकांना खेटून बसतात, आणि आतल्या खोलीत त्या घरातली आजी झोपलेली असते. शाळेचे अंगण तिथून दोनशे पावलांवर आहे. ज्या आजीला जपण्यासाठी शाळा बंद केली, तिच्याच घरात शाळा भरते आहे.

शाळा उघडण्याचा निर्णय ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडे द्यावा, गावात रुग्ण वाढले तर त्यांनीच ती आठवडाभर बंद ठेवावी, आणि सुरुवात पहिली-दुसरीपासून करावी, अशी पालकांची मागणी आता गावागावांतून पुढे येते आहे. माझी बहीणही त्यांच्याबरोबर आहे. काल मी तिला एप्रिल २०२० मधल्या तिच्या प्रश्नाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "तेव्हा मला आजाराचीच भीती होती, दादा. ती अजूनही आहे." मग तिने दुसरीतल्या सहा मुलांची नावे घेतली. त्यांतल्या दोघांना स्वतःचे नाव लिहिता येते. उरलेल्या चौघांना डिसेंबरात तिने मुळाक्षरांपासून सुरुवात करून दिली होती, आणि सुट्टीचा आदेश आला तेव्हा ती 'प'पर्यंत पोहोचली होती.